मदत हवी आहे: ऑक्टोबरच्या पावसाआधी २३ सामने कसे बसवू?

कॉर्कवासी:
लोकहो, तातडीचं आहे. सोमवारी रात्री बैठक आहे आणि माझी वही अजून कोरी. १२ संघ, चार-चारचे तीन गट, मग बाद फेरी. एकूण २३ सामने. ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी सुरुवात. गेल्या वर्षी तिसरी फेरी पावसात गेली, पुढचं सगळं ढकलत गेलो, अंतिम सामना जवळजवळ अंधारात संपला आणि शिव्या मी खाल्ल्या. एक्सेल येतं मला. राखीव दिवस कुठे ठेवू तेवढंच सांगा.

द्राक्षबागाईतदार:
परतीचा पाऊस निम्म्या ऑक्टोबरपर्यंत पिच्छा सोडत नाही. सरळ दिवाळीनंतर घ्या, मोकळं आभाळ. टेनिस बॉल की लेदर?

कॉर्कवासी:
क्रिकेट नाही हो, हर्लिंग! काठी आणि छोट्या चेंडूचा आयरिश मैदानी खेळ. आयर्लंडमधल्या कॉर्कला आहे मी, आयडीवरून कळेल असं वाटलं. इथे दिवाळीनंतर आभाळ मोकळं होत नाही, खाली येतं.

द्राक्षबागाईतदार:
कॉर्क म्हणजे बाटलीचं बूच समजलो होतो. माफी.

तिरपी_काठी:
लिमरिकला नऊ वर्षं काढली, मुलगी कमोगी (बायकांचं हर्लिंग) खेळायची, त्यामुळे हा चिखल ओळखीचा आहे. तीन गोष्टी सांगा. मैदानांवर दिवे आहेत का? हेच क्लब फुटबॉलही खेळतात का? आणि गटातले शेवटचे सामने एकाच वेळी सुरू करता का?

कॉर्कवासी:
दिवे दोनच मैदानांवर, त्यातल्या एकाचे सरावापुरते. फुटबॉल अर्थातच, आठ क्लबांत दोन्हीकडे तीच पोरं. शेवटची फेरी एकाच वेळी, नाहीतर दुसऱ्याचा निकाल बघून खेळतात. हे काय लिहायचं, सगळीकडे असंच असतं.

शिवाजीपार्क_कट्टा:
आमच्या मुंबईत १९४८ पासून कांगा लीग आहे, ती मुद्दाम पावसाळ्यात ठेवलेली. ओली विकेट, गुडघाभर गवत, तरी खेळायचो. तुम्ही लोक नाजूक.

तिरपी_काठी:
काका, कांगा लीगमध्ये सामना अनिर्णित सोडून घरी जाता येतं. इथे बाद फेरीत त्याच दिवशी निकाल लागायला हवा. ६० मिनिटांचा खेळ, मध्यंतर, दुखापतींचा वेळ, बरोबरी झाली तर दहा-दहा मिनिटांचे आणखी दोन डाव. दोन तास धरा. ऑक्टोबरच्या मध्याला कॉर्कमध्ये सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळतो, ढग असले तर त्याआधीच चेंडू दिसेनासा होतो. आणि सरावाच्या दिव्यांवर अवलंबून राहू नका. फुटबॉल कसाबसा निभतो, हर्लिंगचा चेंडू मुठीएवढा आणि डोक्यावरून सणसणत येतो.

धागाकर्ते, तुमच्या हातात दर आठवडा नाहीच, फुटबॉलमुळे एकाआड एक आहे. गटाच्या तीन फेऱ्या, मग उपउपांत्य, उपांत्य, अंतिम. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापासून मोजा, अंतिम सामना ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात येतो. एक फेरी बुडाली की तो थेट नोव्हेंबरात, कारण मधला शनिवार-रविवार फुटबॉलचा. तोवर घड्याळं तासभर मागे गेलेली, म्हणजे पाच-सव्वापाचलाच काळोख.

ढगांचा_हिशेबनीस:
एवढं गणित कशाला? दहा दिवसांचा अंदाज बघा आणि त्याप्रमाणे हलवा. मी ट्रेक असेच ठरवतो, चार ॲप ठेवलीयत फोनवर.

तिरपी_काठी:
ट्रेकला रेफरी लागत नाही! २३ सामन्यांना माणसं आधी ठरवावी लागतात. शिवाय त्या दिवशी पडणाऱ्या पावसापेक्षा आधी मुरलेलं पाणी जास्त नडतं. ऑगस्टमधली सर वाळते, गवतही वाढून गोलपुढचा खड्डा भरून काढतं. ऑक्टोबरमध्ये ऊन कमी, गवताची वाढ मंदावलेली. एकदा तुडवलं की तो राडा तसाच राहतो.

आणि वादळं बघा. १६ ऑक्टोबर २०१७ ओफीलिया. १८ ऑक्टोबर २०२३ बाबेट, तुमच्या कॉर्कजवळचं मिडल्टन गाव पाण्याखाली. २० ऑक्टोबर २०२४ ॲशली, तोही रविवार. तुमचा अंतिम सामना बरोबर याच आठवड्यात.

ढगांचा_हिशेबनीस:
तीन तारखांवरून नियम काढायचा असेल तर माझ्या वाढदिवसालाही दर वर्षी पाऊस पडतो.

तिरपी_काठी:
वाढदिवस कधी आहे?

ढगांचा_हिशेबनीस:
१२ जुलै. मुद्दा तो नाही.

मालवणी_खाजा:
अवांतर: लिओ वराडकरांच्या वडिलांचं गाव वराड, आमच्या मालवणाकडचं. त्यांना विचारा, पंतप्रधान होते, मैदान मिळवून देतील. बाकी तुमच्या त्या काठ्या ॲशच्या लाकडाच्या असतात ना? त्या झाडांना तिकडे रोग पडलाय असं वाचलं. बांबूच्या करून बघा, आपल्याकडे बांबू रगड.

कॉर्कवासी:
बांबूच्या आल्यात हो इथे. वराडकर आता पंतप्रधान नाहीत, आणि असते तरी तारखा लावणाऱ्या समितीपुढे त्यांचंही काही चाललं नसतं. माझा प्रश्न राखीव दिवसांचा होता.

तिरपी_काठी:
सांगते. आहे त्याच तारखांच्या शेवटी राखीव दिवस जोडू नका, तिथेच गेल्या वर्षी फसलात; सुरुवातच अलीकडे ओढा. काउंटीचा, म्हणजे जिल्हा-संघांचा हंगाम २०२२ पासून जुलैतच संपतो, त्यातले खेळाडू क्लबसाठी मोकळे होतात, तर तुमची पहिली फेरी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात घ्या. मग सगळं दोन आठवडे अलीकडे येतं. तिसरी फेरी ऑगस्टअखेर कोरड्या मैदानांवर, उपांत्य सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, अंतिम ऑक्टोबरच्या पहिल्या. आणि ऑक्टोबरचा तिसरा आठवडा राखीव. वादळ आलंच तर ते राखीव दिवसावर येऊ दे.

तिसऱ्या फेरीत एक मैदान बुडालं की गटातला दुसरा सामनाही थांबतो. म्हणून प्रत्येक गटासाठी तिसरं मैदान आधीच लिहून घ्या, वाळूवर बांधलेलं असेल तर उत्तम. सकाळी रेफरीने नाही म्हटलं की फोनाफोनी करायला लागू नये.

कॉर्कवासी:
जुलैअखेर निम्मा संघ स्पेनला असतो, सुट्टीवर.

तिरपी_काठी:
मग स्पेन की चिखल हे बैठकीत त्यांनाच विचारा. हात वर करायला लावा.

शिवाजीपार्क_कट्टा:
आमच्या वेळी स्पेनला कोणी जात नसे.

कॉर्कवासी:
मांडून बघितलं, बसतंय. दोन क्लब बोंब मारतील, त्यातला एक माझाच. सप्टेंबरच्या शेवटाचा फुटबॉलचा दिवस मध्ये येतोय, त्या सचिवाशी उद्या बोलतो. तो फोन उचलत नाही हा वेगळा धागा होईल. आभार.

द्राक्षबागाईतदार:
पण टेनिस की लेदर, ते राहिलंच.

कॉर्कवासी:
लेदर. आणि जुन्या चेंडूत आत बूचच असायचं.