'रन'चे किती अर्थ भेटले? अनुभव लिहा

ऑक्सफर्डच्या कोशकारांनी 'रन' या एका क्रियापदाचे 645 अर्थ मोजलेत. 1989च्या आवृत्तीत 'सेट' पहिला होता, त्याला रनने मागे टाकलं. शाळेत आपल्याला शिकवला एकच: धावणे. बाकीचे कुठे भेटले ते लिहा. कोशातली यादी नको, घडलेलं सांगा. रन आपल्याकडे येऊन मराठी झाला असेल तर फारच छान. माझ्यापुरतं सांगायचं तर जुनी बाइक बघताना पहिला प्रश्न, "रनिंग किती?" आणि ठरलेलं उत्तर, "फक्त घर ते ऑफिस."

ओटाभरणी
ट्रॉल्यांचा भाव मिस्त्रींनी रनिंग फुटावर सांगितला. सासूबाई म्हणाल्या, "धावता फूट म्हणजे काय हो?" मिस्त्री टेप भिंतीला लावत म्हणाले, "मावशी, उंची-खोली धरायची नाही. नुसती लांबी." इंजिनियर नवऱ्याला हे इतकं नेमकं सांगता आलं नसतं.

सातासमुद्री
मुक्काम न्यू जर्सी. बाबा ग्रामपंचायतीला उभे राहिले होते, हे मी लेकीला शब्दशः इंग्रजीत सांगितलं. ती म्हणाली, "नुसते उभे? रन नाही केलं?" अमेरिकेत उमेदवार रन करतो, ब्रिटनमध्ये स्टँड. आपण ब्रिटिशांच्या बाजूचे. पण प्रचारात बाबांच्या चपला झिजल्या, त्यांना अमेरिकन क्रियापदच शोभतं.

गावकुसाबाहेर
@सातासमुद्री, म्हणून तर आपल्याकडे उमेदवार 'पडतो'. उभं राहिल्याशिवाय पडणार कसा? बाबांचं काय झालं?

सातासमुद्री
आले निवडून. पाच मतांनी!

रात्रपाळी
मी इंग्लंडात नर्स आहे. इथे सलाईनही रन होतं: आठ तासांत संपेल अशा वेगाने सोडायचं. आणि 'रन थ्रू' म्हणजे रुग्णाला जोडण्याआधी नळीतून थोडं सलाईन सोडून आतली हवा काढणं. ताप मात्र रुग्ण स्वतःच रन करतो.

तिसरी घंटा
आमच्या नाटकात रनथ्रू म्हणजे न थांबता अख्खा प्रयोग. वाक्य विसरलं, तलवार मोडली, तरी थांबायचं नाही. दिग्दर्शक वहीत लिहीत बसतो. त्याची मान खाली असेल तेवढा वेळ सगळे घाबरून असतात.

गल्ली क्रिकेट
मूळ रनवाले आम्ही राहिलोच की! जखमी फलंदाजाचा रनर आयसीसीने 2011 मध्ये आंतरराष्ट्रीय सामन्यांतून बंद केला. आमच्या सोसायटीत अजून मिळतो. पोट सुटलेल्यांना तर न मागता.