कारखान्याचा काटा आणि बाहेरचा काटा : फरक किती चालतो?

ऊसवाला_पलूस

आमच्या साखर कारखान्याने यंदा उसाचा वजनकाटा संगणकाला जोडलाय. वजन झालं की मोबाईलवर मेसेज येतो. चिटबॉय (कारखान्याचा तोडीच्या चिठ्ठ्या देणारा माणूस) म्हणतो, आता सगळं ऑनलाइन आहे, शंका कशाला? तरी दोन ट्रॉल्यांची एक खेप बाहेर वजन करून मग गेटवर न्यायचा विचार आहे. कारखाना ऊस नाकारू शकतो का? किती किलोपर्यंतचा फरक साधा समजायचा? आणि जास्त निघाला तर पुढं काय? घरच्यांचं म्हणणं, वाकडं घेऊ नको, पुढच्या साली तोड लांबवतील.

काटेदुरुस्ती

नाकारू शकत नाही. बाहेर वजन करून आणलेला ऊस घ्यावाच लागतो, साखर आयुक्तालयाचं तसं परिपत्रक आहे.

आता फरकाचं. ६० टनी काट्यावर आकडा बहुधा १० किलोच्या टप्प्याने सरकतो. वापरातल्या काट्याला कायद्याने जी चूक माफ आहे, ती २० टनांच्या वर ३० किलो आणि ५ ते २० टनांत २० किलो, अधिक किंवा उणे. तुमचा भरकाटा (भरलेल्या गाडीचं वजन) २७ टन आणि रिकामा (ऊस उतरवल्यावरचं वजन) ७ टन धरला, तर दोन्ही काटे कायद्यात बसूनही निव्वळ वजनात जास्तीत जास्त १०० किलोचा फरक पडू शकतो. त्यासाठी दोन्ही काटे बरोब्बर उलट्या टोकाला चुकायला हवेत, ते क्वचितच घडतं. १०० च्या वर गेलं की विचारायचं.

मात्र निव्वळला निव्वळ लावून बघू नका. भरकाट्याला भरकाटा, रिकाम्याला रिकामा. बहुतेक जण भरलेलं वजन बाहेर करतात आणि रिकामं विसरतात. खरी गोम तिथंच असते. रिकामी गाडी काट्यावर न घेता संगणकात आधी भरून ठेवलेलं वजन लावलं आणि ते २०० किलोने जास्त असलं, तर काटा शंभर टक्के बरोबर असूनही तुमचा ऊस २०० किलोने कमी भरतो. पावतीवर भरकाट्याची आणि रिकाम्याची वेळ वेगवेगळी छापलेली आहे का ते बघा.

बाहेरचा काटा वाटेवरचाच घ्या आणि त्याच्यावर चालू वर्षाचा वैधमापनचा (वजनमापं तपासणाऱ्या सरकारी खात्याचा) शिक्का आहे का ते पाहा, पडताळणी दर १२ महिन्यांनी लागते. ड्रायव्हर दोन्हीकडे एकतर गाडीत, नाहीतर दोन्हीकडे खाली. मध्ये डिझेल भरू नका, २० लिटर म्हणजे १७ किलो. आणि मुख्य म्हणजे गाडी वजन करून रात्रभर नंबरात उभी राहिली तर तुलना विसरा. तोडलेला ऊस उन्हाळ्यात दिवसाला टक्का-दोन टक्के सुकतो, २० टनांवर ते २०० ते ४०० किलो झालं. कारखाना हेच कारण पुढं करतो, आणि ते खोटंही नसतं.

आडसाली

काट्याशेजारी प्रमाणित वजनं ठेवायची सक्ती आहे ना? ती ठेवून बघितली तर?

काटेदुरुस्ती

आहे, एवढ्या मोठ्या काट्याला १ टनाची. पण रिकाम्या काट्यावर १ टन ठेवून १००० दिसले म्हणजे काटा खरा, असं नाही. लबाडी करणारा ती ठरावीक वजनाच्या वरच सुरू होईल अशी बसवतो, १ टनाला ती जागीच होत नाही. म्हणून भरलेली गाडीच पडताळावी लागते. जंक्शन बॉक्स (काट्याखालच्या सेन्सरच्या तारा जोडणारी पेटी) आणि इंडिकेटर (आकडा दाखवणारं यंत्र) यांचं सील शाबूत आहे का ते बघा, आणि गाडी चढण्याआधी आकडा शून्य आहे का तेही.

कृष्णाकाठ

ऑनलाइनचं कौतुक करणाऱ्यांनी एवढंच सांगावं, मेसेजमधला आकडा येतो कुठून? इंडिकेटरमधून थेट, की ऑपरेटरच्या संगणकातून? संगणकातून येत असेल तर चुकीचा आकडा फक्त लवकर पोचतो, बाकी काही नाही. कारखाना सहकारी असो वा खासगी, पासवर्ड त्यांचा, ऑपरेटर त्यांचा. आपल्याकडं कारखाना, बँक आणि निवडणूक यांच्या खुर्च्यांवर माणसंही पुष्कळदा तीच. मागणी करायचीच तर शेतकऱ्याला दिसेल असा बाहेरच्या बाजूचा मोठा डिस्प्ले आणि प्रत्येक खेपेला खरा रिकामा काटा, या दोन गोष्टींची करा. ॲप नको.

तोड लांबवायची भीती खरी आहे, म्हणून एकट्याच्या नावानं अर्ज देऊ नका. एकाच दिवशी चार-पाच जणांच्या खेपा बाहेर करून घ्या, पावत्या जोडा, आणि अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे व वैधमापनकडे द्या. हंगामात भरारी पथक असतं. ऊस खाली झाल्यावर पुरावा उरत नाही, म्हणून फरक दिसला की गाडी यार्डातच थांबवून फोन करायचा.

आडसाली

काट्याबरोबर उताऱ्याकडंही, म्हणजे उसातून किती टक्के साखर निघाली त्याकडंही बघा की. २०२५-२६ ची एफआरपी (केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर) १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३५५० रुपये, आणि त्यावर प्रत्येक ०.१ टक्क्याला ३४.६० रुपये. खेपेला २०० किलो गेले तर ७१० रुपये, तीन खेपांना २१३०. तेवढ्याच ६० टनांवर उतारा अर्धा टक्का कमी धरला तर १०,३८० रुपये जातात, आणि प्रयोगशाळेच्या दारात कोणी उभं राहत नाही. बी-हेवी मळीतून (सगळी साखर न काढलेल्या मळीतून) इथेनॉल केलं की साखर उतारा कमी दिसतो, ती घट हिशेबात मिळवून धरली का ते सभेत विचारा. मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये एफआरपी दोन हप्त्यांत द्यायचा शासन निर्णय रद्द केला. त्यामुळे एकरकमी आणि १४ दिवसांत. उशीर झाला तर १५ टक्के व्याज, तेही मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

ऊसवाला_पलूस

सगळ्यांचे आभार. एक अडचण, जवळचा काटा ४० फुटी आहे. ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या एकदम मावत नाहीत. पुढची चाकं आधी, मागची नंतर, असं करून बेरीज चालेल का?

काटेदुरुस्ती

नाही. काट्याची आणि बाहेरच्या रस्त्याची पातळी थोडी जरी वेगळी असली तरी भार पुढंमागं सरकतो आणि बेरीज शेकडो किलोंनी चुकते. कारखान्याचा माणूस तो कागद बघणारसुद्धा नाही. ट्रॉल्या चारचाकी असतील तर सोडवून एकेक वेगळी घ्या, ट्रॅक्टर वेगळा. दोनचाकी असतील तर त्यांचा भार हुकावर येतो, तिथं ६० फुटी काटाच शोधा.