१९९४: फसवणूक नव्हे, पळवाट

१९९४ ची ब्रिटिश टूरिंग कार स्पर्धा (म्हणजे रोजच्या वापरातल्या गाड्यांवर बेतलेल्या गाड्यांच्या शर्यती) अल्फा रोमिओने फसवून जिंकली, असं म्हटलं जातं. 'फसवून' हा शब्द जरा जड झाला. नियम असा होता की सामान्य ग्राहकाला विकल्या जाणाऱ्या गाडीला जे पंख (हवेच्या दाबाने गाडी रस्त्याला चिकटवून ठेवणाऱ्या पट्ट्या) असतील तेच शर्यतीत लावायचे, आणि तशा २५०० गाड्या बनवायच्या. अल्फाने काय केलं, आपल्या १५५ या मॉडेलची खास आवृत्ती काढली. मागचा पंख उंच करणारे तुकडे गाडीसोबत सुटे द्यायचे, मालकाला हवे तर त्याने बसवावेत! वकिली डोकं. पहिल्या पाचही शर्यती अल्फाचा चालक तार्क्वीनीच्या खिशात गेल्यावर बाकीच्या संघांनी बोंब ठोकली, आणि ओल्टन पार्कच्या शर्यतीला अल्फावाले सामान गुंडाळून निघून गेले. नंतर तडजोड झाली, पंख खाली आले, तरी विजेतेपद तार्क्वीनीलाच.

माझा जीव मात्र त्याच मोसमातल्या व्हॉल्वो ८५० वर. चक्क इस्टेट गाडी! लांबलचक, सामान वाहायची. लोक हसले, तर व्हॉल्वोवाल्यांनी एकदा मागच्या काचेत मोठा खेळण्यातला कुत्रा बसवून प्रेक्षकांसमोर फेरी मारली. त्यांचा चालक रायडेलने तीच गाडी एका शर्यतीत पाचव्या क्रमांकापर्यंत नेली होती. पुढच्या वर्षी पंखांचे नियम बदलले आणि व्हॉल्वो मुकाट सेडानवर आली.

आणि तार्क्वीनीला निव्वळ पंखांचा राजा म्हणणाऱ्यांसाठी: २०१८ चा डब्ल्यूटीसीआर, म्हणजे टूरिंग कारचा जागतिक करंडक त्याने ह्युंदाईतून जिंकला, तोही वयाच्या ५६ व्या वर्षी.