भाषण गाजतं, पण मत पडतंच असं नाही. का?

पेठेतला_वाचक: 2019 च्या लोकसभेला राज ठाकरेंचं मोदींविरुद्धचं ‘लाव रे तो व्हिडिओ’ आमच्या सोसायटीतली पोरंसुद्धा म्हणत होती. मनसेचा एकही उमेदवार नाही, तरी मैदानं भरलेली. निकाल लागला तर भाजप-शिवसेना युतीला 48 पैकी 41 जागा. त्याच वर्षी 18 ऑक्टोबरला पवारसाहेब साताऱ्यात पावसात भिजत बोलले आणि तिथल्या लोकसभा पोटनिवडणुकीत त्यांचे उमेदवार श्रीनिवास पाटील उदयनराजेंविरुद्ध सुमारे 87 हजारांनी निवडून आले. भाषण म्हणून पाहिलं तर राज ठाकरेंचं कितीतरी सरस. मग लोक विश्वास नेमका कशावर ठेवतात? सभा जवळून बघणारं कुणी आहे का इथे?

साऊंडवाला_कराड: आहे की. मंडप आणि साऊंडचा धंदा आहे माझा. सगळ्या पक्षांची कामं घेतो. बिल सगळेच उशिरा देतात.

साताऱ्याची ती सभा माझ्याकडे नव्हती. व्हिडिओ बघताना आधी पोटात गोळा आला, कारण पाऊस म्हटलं की आम्हाला स्टेजखालच्या वायरी आठवतात. पण माझ्या मते पावसापेक्षा एक वाक्य जास्त चाललं. लोकसभेला उमेदवार निवडताना माझी चूक झाली, असं साहेब सरळ बोलले. उदयनराजे मे महिन्यात घड्याळावर निवडून आले होते आणि सप्टेंबरात भाजपमध्ये गेले, म्हणून तर ही पोटनिवडणूक. समोर उभ्या असलेल्यांपैकी कितीतरी जणांनी त्यांनाच मत दिलं होतं. चूक नेत्याने स्वतःच्या अंगावर घेतली, त्यामुळे लोकांना मान खाली न घालता फिरता आलं. तिसऱ्या दिवशी मतदान होतं आणि कुठलं बटण दाबायचं हेही ठाऊक होतं. राज ठाकरेंच्या सभेतून माणूस पेटून घरी जायचा, पण त्यांचं स्वतःचं बटणच मशीनवर नव्हतं.

आणि गर्दी कधी पुढून बघू नका. पुढच्या खुर्च्या टेम्पोने आलेल्या असतात, टाळ्याही तिथूनच. मागे रस्त्याकडेला मोटरसायकलवर एक पाय टेकून, गाडी चालूच ठेवून उभे असतात ते बघा. उसाच्या दराचं किंवा पाण्याचं काही निघालं की गाडी बंद होते. चावी काढून खिशात गेली, की तो माणूस ऐकतोय.

झेडपीच्या एका सभेत जनरेटर बसला. उमेदवाराने माझ्या पोराला आईवरून शिवी घातली, आणि नेमका तेवढ्यात आवाज परत आला. अख्ख्या गावाने ऐकलं. साहेब पडले. त्यामुळेच पडले असं नाही म्हणत, पण मागच्या गाड्या मात्र लगेच हलल्या.

तासगावकर: आमच्या आबांचं, म्हणजे आर. आर. पाटलांचं बघा. 26/11 नंतर हिंदीत मोठ्या शहरांतल्या छोट्या घटनांबद्दल बोलून गेले आणि गृहमंत्रिपद गेलं. पुढच्याच वर्षी तासगावने पुन्हा निवडून दिलं, आबा पुन्हा गृहमंत्री झाले. टीव्हीवाल्यांनी त्यांचं एक वाक्य ऐकलं होतं. आम्ही 1990 पासून त्यांना पारावर बसून बोलताना ऐकत होतो.

निकालपत्र: पावसाला फार श्रेय देताय राव. सातारा 1999 पासून राष्ट्रवादीचाच होता, 2019 ला आपल्या जागी परत आला इतकंच. आणि 2024 ला? तेच उदयनराजे, कमळावर, 32 हजारांच्या वर मतांनी. एवढा विश्वास बसला होता तर पाच वर्षांत गेला कुठे?

साऊंडवाला_कराड: निकालपत्र, मान्य. भाषणाची उधारी एका निवडणुकीपुरती, पुढच्या वेळी नव्याने मागावी लागते. पण हे आमच्या पुढाऱ्यांना कोण सांगणार? त्या सभेनंतर एका इच्छुकाने आभाळ भरून आलेलं बघून मला स्टेजवरचं छत काढायला लावलं. पाऊस आलाच नाही. बिलातून छताचं भाडं तेवढं कापलं.