सिनेसंगीताचा ओपन इलेक्टिव्ह घेतलेल्यांनो, अनुभव लिहा

माझी भाची रत्नागिरीत बीएस्सीला आहे. परवा रात्री साडेनऊला तिचा फोन. "मावशी, ओईला, म्हणजे ओपन इलेक्टिव्हला, काय घेऊ? भारतीय चित्रपटसंगीत की पर्सनल फायनान्स? उद्या लिंक बंद होतेय." मी आपलं ठोकून दिलं, गाणी घे. फोन ठेवल्यावर मात्र वाटायला लागलं, पोरीला नसत्या फंदात तर पाडलं नाही ना!

नव्या शैक्षणिक धोरणात आपल्या शाखेबाहेरचं काहीतरी घ्यावंच लागतं हे ठाऊक आहे. 2 क्रेडिट, 30 तास, 50 मार्क. पण सारेगमही न शिकलेल्या मुलीला हा विषय झेपतो का? वर्गात नेमकं होतं काय? परीक्षेत विचारतात काय? पालघरपासून गोव्यापर्यंत ज्यांनी कुणी हा किंवा असा विषय घेतलाय, शिकवलाय, कंटाळून बदललाय, त्यांनी सविस्तर लिहा. कॉलेजचं नाव नको, उगाच वाद होतात.

सावंतवाडी, बीकॉम

सोपा म्हणून घेतला. शेवटच्या बाकावर बसायचं आणि गाणी ऐकायची, असा हिशोब. पहिल्याच तासाला मॅडमनी एक जुनं गाणं लावलं आणि म्हणाल्या, गायिकेकडे लक्षच द्यायचं नाही. मुखडा संपल्यापासून अंतरा सुरू होईपर्यंत काय काय वाजतं ते लिहा. मी लिहिलं, 'म्युझिक'. शेजारणीनं लिहिलं, 'व्हायोलिन'. परत लावलं, तर बासरी सापडली. तिसऱ्या वेळी बासरीच्या खाली कुणीतरी गिटारची एकेक तार छेडतंय ते. पाचव्यांदा वर्ग चिडीचूप, आणि मागून एक जण ओरडला, "मॅडम, घुंगरू!" खरंच होते. हे गाणं मी एसटीत शंभरदा तरी ऐकलं असेल, घुंगरू कधी कानावरून गेले नव्हते.

जुनी गाणी सगळी तीन-साडेतीन मिनिटांचीच का, हेही तिथंच कळलं. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूला तेवढंच मावायचं. कॉमर्सवाल्याला पटायला वेळ लागला नाही. डबा जेवढा, माल तेवढा.

मार्क 38. तक्रार नाही.

कुडाळ तालुका

शाळेत पाचवी ते दहावी रोज सकाळी प्रार्थना. आठवड्याचे पहिले तीन दिवस 'ऐ मालिक तेरे बंदे हम', उरलेले तीन दिवस 'हमको मन की शक्ति देना'. पावसात चिखलाचे पाय घेऊन उभं राहायचं, दप्तरातून पाणी ठिबकतंय, आणि डोळे मिटायचे म्हणून एक डोळा किलकिला ठेवून पुढच्याची टोपी ओढायची. हिंदी असल्यामुळे ही गाणी लांब कुठून तरी आलीत असंच वाटायचं.

कॉलेजात सरांनी फळ्यावर या दोन प्रार्थनांचे सिनेमे लिहिले: 'दो आँखें बारह हाथ' 1957, 'गुड्डी' 1971. दोन्हींचे संगीतकार वसंत देसाई. जन्म 1912, सोनवडे. मी हात वर करून विचारलं, "सर, सोनवडे म्हणजे आपलं?" "आपलंच," म्हणाले. म्हणजे सहा वर्षं रोज सकाळी मी शेजारच्या गावच्या माणसाच्या चाली म्हणत होतो आणि शाळेत हे एकदाही कुणी सांगितलं नव्हतं. सोनवड्याला माझी आत्या दिलेली आहे. तिला फोन केला तर म्हणते, "माका ठावक होता. तू कधी इचारलंस?"

मग असाइनमेंट आली. दुसरी प्रार्थना केदार रागातली. केदारात मध्यम, म्हणजे म, दोन, शुद्ध आणि तीव्र. तीव्र कुठल्या शब्दावर येतो ते शोधून आणा. मला राग म्हणजे फक्त वडिलांचा माहीत. देवळातली पेटी मागून आणली, शेजारच्या काकांनी पांढरी एक दाखवली, म्हणाले हा सा धर, तुझा तीव्र म त्या काळ्या पट्टीवर. रविवारची अख्खी सकाळ एकच ओळ वाजवत बसलो. आई दोनदा डोकावून गेली. तिसऱ्यांदा म्हणाली, "शाळा परत सुरू केलंस काय?"

ताई, भाचीला सांगा, झेपतं. पेटी मात्र कुणाची तरी बघून ठेवा.

रायगड, बीए

आमच्याकडे सगळं उलट. अख्ख्या सेमिस्टरमध्ये वर्गात एकही गाणं वाजलं नाही. स्पीकर होता, पण तो ऑफिसच्या कपाटात, आणि किल्ली ज्यांच्याकडे ते रजेवर. मोबाइलवर लावू या म्हटलं तर शिस्तीचा प्रश्न. सरांनी नोट्स उतरवून दिल्या. 'आलम आरा', 14 मार्च 1931, मॅजेस्टिक, गाणी सात. 'अयोध्येचा राजा', 1932, संगीत गोविंदराव टेंबे. 'धूप छाँव', 1935, पार्श्वगायन. विविध भारती, 3 ऑक्टोबर 1957. आज झोपेतून उठवलंत तरी घडाघडा म्हणून दाखवीन. पेपरात जोड्या लावा आणि गाळलेल्या जागा.

46 मिळाले. वरच्या सावंतवाडीकरापेक्षा आठ जास्त, आणि मला घुंगरू काही ऐकू येत नाहीत.

कणकवली, बीएमएस

बाबा भजनीबुवा आहेत. डबलबारी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी: दोन बुवा, दोन मंडळं समोरासमोर, आणि रात्रभर एकमेकांना भजनातून सवाल-जवाब. रंग चढला की गजर, आणि गजराची चाल बहुतेक वेळा सिनेमातली. नवीन गाणं गाजलं की बाबा पहिल्या आठवड्यात उचलणार. चतुर्थीपर्यंत त्यात विठ्ठल बसलेला असतो. लहानपणी मला याची लाज वाटायची, पोरं चिडवायची.

ओईत प्रोजेक्ट सक्तीचा होता. मी विषय घेतला, चाल एक आणि शब्द दोन. मूळ गाणं आणि बाबांचा गजर रेकॉर्ड करून शेजारी शेजारी ठेवले, तर मात्राच जुळेनात. गाणं दादरा तालात, धा धिं ना, धा तिं ना, सहा मात्रा. बाबांचा गजर केरवा तालात, आठ. मला वाटलं माझंच मोजायला चुकतंय. पखवाजवाल्या अण्णांना विचारलं. ते म्हणाले, दादऱ्यावर माणसं डोलतात, आपल्याला उठवायची असतात. म्हणून केरवा. मग वरच्या दोन मात्रा कुठून आणल्या? परत ऐकलं. 'विठ्ठला'तला 'ला' बाबा ओढतात, बरोबर दोन मात्रा, आणि तेवढ्यात मागचे झांजवाले श्वास घेऊन टाकतात. बाबांना हे दाखवलं तर त्यांना पत्ताच नव्हता. "असा करतंय मी?" म्हणून स्वतःच तीनदा ऐकलं.

व्हायव्हाला बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, ही चोरी नाही का? मला उत्तर सुचलं नाही. घरी सांगितलं तर बाबा म्हणाले, सिनेमावाल्यांनी नाटकातून घेतलं तेव्हा कुणी विचारलं होतं? वर टेंब्यांचं नाव आलंय म्हणून आठवलं. गोविंदराव सिनेमात आले ते संगीत नाटकातूनच. हे व्हायव्हात सुचायला हवं होतं.

डिचोली, गोवा

आमच्या अभ्यासक्रमात गायक-गायिकांना आठ तास, वाद्यवृंदाला एक. पण तो एकच तास लक्षात राहिला. गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवायचे. ती मुलं मोठी होऊन पोटासाठी मुंबईला गेली. तिथं संगीतकाराच्या डोक्यात चाल असायची, पण पन्नास वादकांनी एकाच वेळी काय वाजवायचं ते कागदावर उतरवणारा माणूस लागायचा. तो अरेंजर, आणि बऱ्याचदा गोंयकार. शंकर-जयकिशनकडे सेबॅस्टियन डिसोझा होते. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसांकडे लक्ष्मीकांत-प्यारेलाल या संगीतकार जोडीतले प्यारेलाल व्हायोलिन शिकले, आणि 1977 च्या 'अमर अकबर अँथनी'त गुरूचं नाव गाण्यात आलं. मी ते नाव आजवर अंड्यातून बाहेर येणाऱ्या अमिताभचं समजत होते. वर्गात सगळ्यांचंच तोंड उघडं.

सावंतवाडीकर, तुमच्या गाण्यातली ती गिटारची तारही कुणीतरी कागदावर लिहिलेली असणार.

दापोली, शिक्षिका

बोलावलंत म्हणून लिहिते. माझा विषय अर्थशास्त्र. वर्कलोड भरायला हा पेपर माझ्या गळ्यात पडला, खोटं कशाला बोलू. संगीत येत नाही, म्हणून मी पैशापासून सुरुवात करते. गाणं वाजलं की पैसे कुणाला? 2012 मध्ये कॉपीराइट कायदा बदलला. तेव्हापासून सिनेमागृहाबाहेर गाणं वापरलं गेलं की गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीत समान वाटा आहे, आणि तो हक्क निर्मात्याला लिहून देता येत नाही. लग्नाच्या हॉलमध्ये काय, रिक्षात काय, असे प्रश्न सुरू होतात आणि तास कधी संपला कळत नाही.

दुसरं, मुलांना घरच्या म्हाताऱ्या माणसांकडे पाठवते. आकाशवाणीवर सिनेगीतांना कात्री लागली आणि 1952 पासून लोक रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला ऐकू लागले, हे पुस्तकात दोन ओळींत आहे. पण हर्णैच्या एका आजोबांनी नातवाला सांगितलं की बुधवारी रात्री आठला वाडीतल्या एकुलत्या रेडिओभोवती सगळे जमायचे, आणि खरखर वाढली की एकाला एरियलची तार हातात धरून अंगणात उभं करायचे. तो एक म्हणजे आजोबाच. गाणी त्यांना लांबूनच ऐकू यायची.

रायगडच्या मुलाचं वाचून वाईट वाटलं. भाचीला एवढंच सांगा की आधी वर्गात स्पीकर आहे का ते बघ, आणि किल्ली कुणाकडे असते तेही.

सावंतवाडी, बीकॉम

रायगडकर, गाणं पाठवलंय. हेडफोन लाव. मुखडा संपला की लगेच, बासरीच्या मागे.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. भाचीनं घेतला विषय. स्पीकर आहे, किल्ली शिपाईमामांकडे, मामा मोहम्मद रफींचे भक्त. आणखी कुणाचे अनुभव असतील तर येऊ द्या.

रायगड, बीए

ऐकलं, चार वेळा. ते घुंगरू नाहीत, झांज आहे.

कणकवली, बीएमएस

मलाही पाठव. बाबा म्हणतायत दोघंही चुकताय, चिपळ्या असतील.