निसर्गछायाचित्रणाने मला सावरले. आता तीच पुढची वाट करावी का?

मूळ प्रश्न: कृष्णाकाठ (मिरज)

नमस्कार. मी मिरजेत राहते. येथील एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात मी सतरा वर्षे परिचारिका म्हणून काम केले आहे. २०२१ च्या उन्हाळ्यात, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, आमच्या विभागात जे पाहिले ते इथे लिहीत बसत नाही, कारण वाचणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरातही ते दिवस येऊन गेले असतील. लाट ओसरली, सर्वांनी सुटकेचा श्वास टाकला आणि माझे बिनसले ते त्यानंतर. झोप उडाली. कुकरची शिट्टी झाली तरी छातीत धस्स व्हायचे, आणि मॉनिटरचा अलार्म अंघोळीच्या वेळी, देवापुढे दिवा लावताना, अगदी मुलीशी बोलतानाही कानात वाजत राहायचा. वरिष्ठांना सांगून पाहिले, तेव्हा ‘सगळ्यांनीच सोसले आहे, सिस्टर’ एवढेच उत्तर मिळाले. तशीच तीन वर्षे ओढली आणि गेल्या वर्षी जूनमध्ये बिनपगारी रजा घेतली.

माझ्या भावाचा एक जुना झूम कॅमेरा कपाटात पडून होता. पहाटे जाग यायचीच, म्हणून तो गळ्यात अडकवून मी कृष्णा घाटावर जाऊन बसू लागले. एके दिवशी झाडीमागून तीव्र, तुटक आवाज आला आणि मी अक्षरशः उठून उभी राहिले. हात आपोआप पलंगाचा कठडा शोधू लागले. समोरच्या गाळपेरीच्या रानातून टिटवी ओरडत उडाली होती. त्या दिवशी मी खूप रडले. मात्र दुसऱ्या दिवशी तिलाच शोधायला गेले, आणि तिच्या डोळ्यांपुढची लाल कातडी स्पष्ट दिसेल असे छायाचित्र मिळायला मला अकरा दिवस लागले. आता तो आवाज आला की मला टिटवीच आठवते.

हिवाळ्यात मी हरिपूरच्या संगमापर्यंत जाऊ लागले. कृष्णा आणि वारणा मिळतात तिथे पाण्यावर काळापांढरा कवड्या खंड्या दिसतो. तो हवेत एकाच जागी पंख फडफडवत थांबतो, चोच खाली, मान जराही न हलवता, आणि मग दगड टाकावा तसा सरळ पाण्यात पडतो. तो थांबतो तेवढा वेळ माझाही श्वास थांबतो. त्या काही क्षणांत माझ्या डोक्यात दुसरे काहीही नसते. असे रिकामेपण मला कित्येक वर्षांत मिळाले नव्हते. जानेवारीपासून मी रात्री सलग पाच-सहा तास झोपते आहे.

माझी रजा ऑक्टोबरमध्ये संपते. त्या विभागात पुन्हा पाऊल टाकायचे नाही असे मनाने घेतले आहे. सव्वा लाखाच्या आसपास कर्ज काढून चांगली लेन्स घ्यावी आणि छायाचित्रणच व्यवसाय म्हणून करावे, असा विचार आहे. यजमान हळदीच्या पेढीवर हिशेब पाहतात, मुलगी दहावीत आहे, आणि सासूबाई काळजीपोटीच विचारतात की फोटो काढून पोट भरते का. माझाही तोच प्रश्न आहे. सांगली-साताऱ्याकडे कोणी यावर घर चालवते का? आणि दुसरी भीती अशी की, ज्याने मला बरे केले त्याच्याकडूनच पैसे मागू लागले तर ते माझे राहील का?

उत्तर: यवतेश्वर घाट (सातारा)

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मी स्वतः या वाटेने आलो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

साताऱ्यातील ज्या कारखान्यात मी एकवीस वर्षे होतो तो बंद पडला, तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांचा होतो. घरात तोंड दाखवायची लाज वाटे, म्हणून सकाळी डबा घेऊन कामाला जातो असे सांगून निघायचो आणि यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला कुठेतरी बसायचो. तो ऑगस्ट होता. पायाजवळच्या ओल्या जांभ्यावर नखाएवढी जांभळट फुले होती. हजारोंनी होती, आणि मी आठवडाभर ती तुडवत होतो. वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले एक गृहस्थ तिथे गुडघ्यावर बसून ती पाहत होते. त्यांनी सांगितले की ही सीतेची आसवे. जांभ्यावरच्या बोटभर मातीत अन्नद्रव्ये जवळजवळ नसतात, म्हणून या वनस्पतीच्या जमिनीतील भागांवर अतिसूक्ष्म पिशव्या असतात, आणि पाण्यातले बारीक जीव त्यांत ओढून घेऊन ती त्यांवर जगते. काहीही न पिकणाऱ्या खडकावर ती आपल्यापुरता मार्ग काढून बहरते, हे ऐकताना मला काय वाटले ते तुम्हाला सांगायला नको.

आता पैशांचे, अगदी स्पष्ट. नुसती छायाचित्रे विकून मला आजवर महिन्याचा किराणाही भागवता आलेला नाही. कास २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत आले, त्यानंतर गर्दी इतकी वाढली की येणाऱ्यांची संख्या मर्यादित ठेवून आगाऊ नोंदणी करावी लागते, आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात मोबाइल असतो. फुलाचा फोटो विकत घेणारा विरळा. मात्र फूल कोणते, कुठे पाहायचे आणि कसे पाहायचे हे सांगणारा माणूस लोकांना हवा असतो. वायतुऱ्याचा तुरा वरून दुभंगून इंग्रजी वाय अक्षरासारखा का दिसतो, आणि त्याच्या शास्त्रीय नावात साताऱ्याचे नाव कसे आले, हे सांगितले की चार माणसे अर्धा तास त्या एका डबक्यापाशी आनंदाने थांबतात. टोपली कारवी सात वर्षांनी एकदाच सामूहिक फुलते हे कळल्यावर पुण्याचे एक आजोबा म्हणाले, ‘पुढच्या वेळी मी येईन की नाही,’ आणि त्यांनी कॅमेरा खाली ठेवून ती नुसती पाहिली. माझी कमाई अशा पाहण्या-दाखवण्याची आहे. फुलांच्या हंगामाचे चार-पाच आठवडे भरपूर काम असते. थंडीत खटाव तालुक्यातील येरळवाडी आणि मायणीच्या तलावांवर पक्षी पाहायला लोकांना नेतो. उरलेले महिने शाळांतील कार्यशाळांवर आणि, खरे सांगायचे तर, पत्नीच्या शिलाईकामावर निघतात. पहिली तीन वर्षे घर तिनेच चालवले.

त्यामुळे कर्ज काढू नका, असा माझा आग्रह आहे. हप्ता सुरू झाला की खंड्या पाण्यावर थांबलेला असताना तुमच्या मनात पाच तारीख येईल. हवी असल्यास एखादी १५० ते ६०० मिलिमीटरची लेन्स चार दिवस भाड्याने आणून पाहा, नाहीतर कोणाची वापरलेली मिळाली तर घ्या. आहे त्या कॅमेऱ्यातही बरेच काही होते. उडत्या पक्ष्यासाठी शटरचा वेग सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षा संथ ठेवू नका, त्यासाठी आय.एस.ओ., म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता, वाढवावा लागला तरी चालेल. थोडे दाणेदार चित्र सुधारता येते, हललेले सुधारत नाही. फुलांसाठी उलट ढगाळ दिवस निवडा. ऊन असेल तर सोबतच्या माणसाला छत्री धरायला सांगा. ठरलेल्या वाटेच्या कडेला पोत्याची घडी अंथरून कोपर टेकवा आणि कॅमेरा फुलाच्या उंचीला आणा. उभ्याने काढलेल्या छायाचित्रात फूल हा जमिनीवरचा ठिपका होतो. त्याच्या पातळीवर गेलात की मागचे सारे पठार धुक्यासारखे विरते आणि एकटे फूल समोर उभे राहते.

तुमच्या दुसऱ्या भीतीबद्दल माझा अनुभव असा, की आठवड्यातील एक दिवस मी कोणालाही सोबत नेत नाही. त्या दिवसाची छायाचित्रे कोणाला दाखवतही नाही. हा नियम दोन हंगाम मोडला होता, आणि त्या दोन्ही हंगामांत पठारावर जाणे मला ओझे वाटले.

उत्तर: मनआरोग्य (सांगली)

मी मानसोपचाराच्या क्षेत्रात काम करतो. न पाहता कोणाचे निदान करणे योग्य नाही, म्हणून तसे काही करत नाही. पण तुमच्या लिखाणातील दोन-तीन गोष्टींबद्दल लिहिणे आवश्यक वाटते.

निसर्ग पाहिल्याने बरे वाटते हा मनाचा खेळ नव्हे. रॉजर उलरिच यांनी १९८४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक छोटा, पण पुढे फार महत्त्वाचा ठरलेला अभ्यास प्रसिद्ध केला. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांपैकी ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. तुम्ही स्वतः रुग्णालयात सतरा वर्षे काढली आहेत, तेव्हा यातले मर्म तुम्हाला माझ्यापेक्षा चटकन कळेल. शिवाय तुमच्या बाबतीत पहाटेचा प्रकाश आणि चालणे यांचाही वाटा मोठा असावा. रात्रपाळीने विस्कटलेले शरीराचे घड्याळ सकाळचा उजेड डोळ्यांत गेल्याने पुन्हा जागेवर येते, आणि झोप सुधारली की बाकीचे पुष्कळ सुधारते.

परंतु अलार्म कानात वाजत राहणे, दचकणे, हात आपोआप कठडा शोधू लागणे, ही लक्षणे तीन वर्षे राहिली असतील तर ती तज्ज्ञाला एकदा दाखवावीत. यावर चांगले उपचार आहेत, आणि ते घेतल्याने कॅमेऱ्याचे श्रेय कमी होत नाही. पावसाळ्यात आठ-आठ दिवस बाहेर पडता येत नाही. कृष्णेला पूर आला की घाटच पाण्याखाली जातो. त्या दिवसांत तुमच्याजवळ दुसराही आधार असावा. भारत सरकारची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य असते आणि तिथे मराठीत बोलता येते.

आणखी एक. तुमच्यापुढे दोनच दारे आहेत, तोच अतिदक्षता विभाग किंवा राजीनामा, असे तुम्ही गृहीत धरले आहे. बाह्यरुग्ण विभाग, लसीकरण, केवळ दिवसपाळी, यांपैकी काही लेखी अर्ज करून मागितले आहे का? ज्या काळात मन नुकते सावरते आहे, त्या काळात उत्पन्नाची काळजी नव्याने ओढवून घेऊ नये, असे मला कळकळीने वाटते.

उत्तर: बालभारती वर्ग (कडेगाव)

यवतेश्वर घाट यांच्या कर्जाविषयीच्या मताशी मी पूर्ण सहमत आहे. मात्र छायाचित्राची किंमत विक्रीवरून ठरवू नये, असेही वाटते. मी शाळेत शिकवतो. आमच्याजवळ सागरेश्वर अभयारण्य आहे, जेमतेम १०.८७ चौरस किलोमीटरचे. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या चिकाटीतून तिथल्या उघड्या डोंगरावर झाडे लावली गेली, रान उभे राहिले आणि १९८५ मध्ये ते अभयारण्य घोषित झाले. आज मुलांना तिथे सांबर आणि चितळ दाखवताना तो डोंगर पूर्वी बोडका होता हे पटवून द्यावे लागते, कारण आमच्याजवळ त्या काळातील छायाचित्रे फारशी नाहीत. तुम्ही नदीकाठी इतके महिने, त्याच त्या जागी जे टिपले आहे ते म्हणूनच मोलाचे आहे. ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर ठिकाण आणि वेळ घालून त्याची नोंद करा. हललेले, अस्पष्ट छायाचित्रही पक्षी ओळखता येत असेल तर पुरावा म्हणून चालते.

ताई, आमच्या सातवीच्या वर्गाला टिटवीची ती अकरा दिवसांची गोष्ट सांगायला याल का? मानधन फार देता येणार नाही, पण येण्याजाण्याचा खर्च आणि जेवण आमच्याकडे.

उत्तर: भिलवडी पूल

दोनच सूचना करतो. नदीकाठी पाण्याला अगदी टेकून बसू नका. आपल्या कृष्णेत मगरी आहेत आणि पहाटे, कॅमेऱ्याला डोळा लावलेला असताना, बाजूचे काही दिसत नाही. उतारापासून दूर, उंचावर बसा. आणि टिटवी उघड्या जमिनीवरच अंडी घालते, त्यामुळे उन्हाळ्यात ती ओरडत डोक्यावरून घिरट्या घालू लागली तर आल्या पावली मागे फिरा. घरट्याचे छायाचित्र घेऊ नका. तेवढ्या वेळात अंडी उन्हाने तापतात आणि कावळ्यांनाही जागा कळते.

कृष्णाकाठ (मिरज), नऊ दिवसांनंतर

आपण सर्वांनी एवढे मनापासून लिहिले, त्याबद्दल आभार. घरात सर्वांना वाचून दाखवले. सासूबाईंनी यवतेश्वर घाट यांच्या पत्नीचे शिलाईकाम पुन्हा वाचायला सांगितले.

कर्जाचा विचार सोडला आहे. बाह्यरुग्ण विभागात दिवसपाळी मिळावी असा लेखी अर्ज परवा दिला. उत्तर अजून आलेले नाही. नकार आला तर दुसऱ्या ठिकाणी तशीच पाळी शोधीन, पण रात्रपाळी घेणार नाही हे ठरले आहे. मनआरोग्य, तुम्ही सांगितल्याप्रमाणे तज्ज्ञांची वेळ घेतली आहे. इतरांना सतरा वर्षे औषधे वेळेवर दिली आणि स्वतःसाठी वेळ मागायला एवढा उशीर केला, याचे वाईट वाटते.

भिलवडी पूल, मी आजवर शेवटच्या पायरीवर बसत होते. कालपासून वर, पिंपळाच्या पारावर बसते. तिथून खंड्या लहान दिसतो, पण त्याच्या झेपेची सुरुवातही दिसते, ती मला खालून कधी दिसली नव्हती.

कडेगावच्या गुरुजींना होकार कळवते. दसऱ्याआधी कोणत्याही शनिवारी सकाळी येईन. मुलांसाठी टिटवीची सर्वच छायाचित्रे आणते, पहिल्या दहा दिवसांची फसलेलीसुद्धा.

आणि यवतेश्वर घाट दादा, सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तुमच्या सोबतच्या लोकांत मला आणि मुलीला जागा आहे का? सीतेची आसवे तोवर टिकतील ना? पोते आम्ही घरून आणू, आणि छत्री मुलगी धरील.