मदत हवी आहे : लाडकी बहीणच्या 1,500 मधून बँकेने 1,045 रुपये कापले, परत मिळतील का?

सुईदोरा (मानवत, जि. परभणी)

नमस्कार. बँकेच्या कामातलं कळणारं कुणी असेल तर कृपया पूर्ण वाचा, थोडं लांबलंय.

दोन हंगाम मी इथल्या एका जिनिंगमध्ये कामाला होते, कापसातली कवडी अन् कचरा वेचायला. पगार खात्यावरच मिळणार म्हणून आम्हा सगळ्या बायकांची खाती एका खाजगी बँकेत एकाच दिवशी काढली. बँकेचा माणूस जिनिंगमध्येच टेबल टाकून बसला होता. "झिरो बॅलन्सचं खातंय, एक रुपया ठेवायची गरज नाही," हे त्याचं बोलणं मला आजही आठवतं. मार्चमध्ये हंगाम संपला, पगार बंद झाला, खातं तसंच राहिलं. आधार त्याच खात्याला जोडलेलं, म्हणून लाडकी बहीणचे पैसे तिथंच येतात.

घरी शिवणकाम करते. पिको-फॉलची मशीन हप्त्यावर घेतलीय, 1,340 रुपये, दर महिन्याच्या 5 तारखेला आपोआप कटतात. जुलैपर्यंत एकही हप्ता चुकवला नाही. ऑगस्टमध्ये सासूबाईंना परभणीला दवाखान्यात ठेवावं लागलं आणि हप्त्याला बाजूला काढलेले पैसे तिकडे गेले.

परवा शाखेतून खात्याचा उतारा काढून आणला, रात्री लेकीला शेजारी बसवून एकेक ओळ लावली. जुलैत हप्ता गेल्यावर 489 शिल्लक होते, त्यातले 177 मिनिमम बॅलन्स नाही म्हणून गेले. राहिले 312. 5 ऑगस्टला हप्ता परत गेला त्याचे 590. त्यात ते 312 गेले आणि 278 माझ्या नावावर बाकी. 9 तारखेला तोच हप्ता पुन्हा लावला, पुन्हा परत, पुन्हा 590. महिनाअखेर खात्यात शून्य असताना मिनिमम बॅलन्सचे आणखी 177. बाकी झाली 1,045. पुढचे 1,500 ज्या दिवशी आले त्याच दिवशी ही बाकी वळती झाली आणि मला मिळाले 455.

सगळं मिळून 1,534 रुपये. मशीनचा हप्ता 1,340 चा आणि दंड त्याच्याहून जास्त! फायनान्सवाल्यांनी त्यांचा बाउन्स चार्ज लावला तो वेगळाच. ऑगस्ट-सप्टेंबरचे हप्ते मी नंतर त्यांच्या ऑफिसात रोख भरले, पावत्या आहेत.

बँकेत गेले तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "ताई, सिस्टीम आपोआप कापायलीय, आमच्या हातात काही नाही." कागद दिला नाही, नियम दाखवला नाही. थोरलीचा बारावीचा फॉर्म भरायचाय, त्यासाठी ते पैसे धरून ठेवले होते. हे पैसे परत मागता येतात का? आणि पुढच्या महिन्याचे 1,500 वाचवायला आत्ताच काय करू?

गोदाकाठ

ताई, आमच्याकडे गंगाखेडला वडिलांच्या खात्याला पीककर्जाच्या थकबाकीपायी होल्ड लावला होता, शेतकरी सन्मानचे 2,000 महिनाभर निघाले नाहीत. तोंडी विचारलं तोवर कुणी ढुंकून पाहिलं नाही. लेखी अर्ज दिल्यावर चौथ्या दिवशी होल्ड निघाला. तुम्ही फक्त बोलून आलात ना? अर्ज द्या आणि पोच घ्या.

निवृत्त कॅशिअर (जालना)

ताई, उतारा इतका नीट लावलात म्हणून सांगणं सोपं आहे. 31 वर्षं काउंटरवर काढली, त्यामुळे स्पष्टच लिहितो.

तुमचं खातं पगार खातं होतं. काही महिने पगार जमा झाला नाही की बँका ते साध्या बचत खात्यात बदलतात आणि मिनिमम बॅलन्सची अट लागू होते. ही गोष्ट कामगाराला जवळजवळ कुणीच समजावून सांगत नाही. हंगामी कामाच्या बायकांना तर नाहीच.

आता चारही रकमा सारख्या समजू नका. सगळ्यात पक्की बाजू ऑगस्टच्या 177 ची. रिझर्व्ह बँकेचं 20 नोव्हेंबर 2014 चं परिपत्रक आहे, 1 एप्रिल 2015 पासून लागू. केवळ मिनिमम बॅलन्सच्या दंडामुळे बचत खातं उणे होता कामा नये, असं त्यात साफ लिहिलंय. तुमच्या खात्यात शून्य होतं. शून्यावर हा दंड लावून तो पुढच्या जमेतून वळता करणं या नियमात बसत नाही, असं माझं ठाम मत आहे.

जुलैच्या 177 लाही तेच परिपत्रक. शिल्लक कमी पडली की बँकेने आधी ग्राहकाला एसएमएस, ईमेल किंवा पत्राने कळवायचं, शिल्लक भरायला किमान एक महिना द्यायचा आणि नंतरच दंड. तो दंडही जेवढी रक्कम कमी पडली तेवढ्याच प्रमाणात. तुम्हाला मेसेज आला होता का? नोंदलेला नंबर तुमचाच आहे ना?

590 चं मात्र वेगळं आहे. हप्ता परत गेल्याचा चार्ज बँकेच्या दरपत्रकात असतो (500 आणि वर 18 टक्के जीएसटी). पहिला परत मिळेल अशी आशा मी लावणार नाही. दुसरा, चार दिवसांत तोच हप्ता पुन्हा लावल्याचा, विनंती म्हणून मागा. शाखा व्यवस्थापकाच्या मनात असेल तर असे चार्ज परत देता येतात, मी स्वतः दिलेले पाहिलेत.

एक कळकळीने सांगतो. रागाच्या भरात ऑटो-डेबिट बंद करून हप्ता तसाच सोडू नका. खात्यात पैसे नसल्याने असा हप्ता परत गेला तर 2007 च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम 25 खाली चेक बाउन्ससारखी केस होऊ शकते. 4 तारखेलाच पैसे खात्यात टाकत जा.

सुईदोरा

काका, तुम्ही विचारलंत म्हणून आज शाखेत नंबर बघितला. तो माझा नाहीच! जिनिंगच्या मुनीमाचा आहे. फॉर्म त्यानेच भरले होते, आम्ही फक्त सह्या केल्या. आमच्या गटातल्या आणखी सहाजणींच्या खात्यावर तोच नंबर निघाला. आता माझी बाजू लंगडी पडते का?

निवृत्त कॅशिअर

थोडी पडते, पण फक्त जुलैच्या 177 पुरती. शून्याखाली नेल्याच्या मुद्द्याला नंबरचा काही संबंध नाही. तरी अर्जात हे लपवू नका. खातं जिनिंगमध्येच काढलं आणि नंबर दुसऱ्याचा टाकला गेला, हे जसं घडलं तसं लिहा. अर्ज मराठीतच द्या, असा :

"मा. शाखा व्यवस्थापक, माझे पगार खाते साध्या बचत खात्यात बदलल्याची सूचना मला मिळालेली नाही. दि. 31 ऑगस्ट रोजी खात्यात शून्य शिल्लक असताना मिनिमम बॅलन्सपोटी 177 रुपये आकारून ते पुढील जमेतून वसूल केले. रिझर्व्ह बँकेच्या 20 नोव्हेंबर 2014 च्या परिपत्रकानुसार ही रक्कम परत करावी. जुलैचे 177 व 9 ऑगस्टचे 590 रुपये परत करण्याचाही विचार व्हावा. माझे खाते मूलभूत बचत खात्यात बदलावे व मोबाइल नंबर दुरुस्त करावा."

दोन प्रती काढा, एकीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. मूलभूत बचत खात्याला मिनिमम बॅलन्स नसतं, एटीएम कार्ड फुकट, महिन्यातून 4 वेळा पैसे काढणं फुकट. तसं खातं दुसऱ्या बँकेत आधीच असेल तर मात्र हे मिळणार नाही, ते तपासा.

30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार. पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. 14448 वर मराठीत बोलता येतं. ऑनलाइन जमत नसेल तर चंदीगडला सेक्टर 17 मध्ये रिझर्व्ह बँकेच्या तक्रार केंद्राकडे पोस्टानेही पाठवता येते. पोचेची झेरॉक्स जोडायची.

अंबडकर

तोवर 1,500 चं बघा. पोस्टमनकडून इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं काढून आधार तिकडे जोडून घ्या. सरकारी पैसे आधार ज्या खात्याला शेवटी जोडलं तिथंच जातात. माझ्या वहिनीचं असंच केलं. पण जुन्या खात्यात हप्त्यापुरते पैसे टाकायला विसरू नका.

सुईदोरा

काल अर्ज दिला. तोच काउंटरवरचा मुलगा पोच द्यायला तयार नव्हता, मी परिपत्रकाची तारीख सांगितल्यावर आत जाऊन साहेबांना घेऊन आला. साहेबांनी वाचला, शिक्का मारला, म्हणाले ऑगस्टचे 177 आठवड्यात परत येतील, बाकीचं वर विचारावं लागेल. नंबर तिथंच बदलून दिला. पोस्टमन दादा सोमवारी येतायत.

त्या सहाजणींना आज संध्याकाळी घरी बोलावलंय, आपापले उतारे घेऊन. काका, तुमचा अर्ज त्यांच्यासाठी उतरवून घेतला तर चालेल ना?